तिसरी फ्लॉपी

“लाइन कट झाली! पुन्हा कट झाली!” गॉर्डन ट्रेव्हॅरोने स्टॉपवॉच दाबलं. “अहो लेम्पीबाई, त्या नंबरवर माणूस आहे ना? की तळ्याच्या बर्फाखालच्या माशांना फोन लावताय?”

चर्चच्या तळघरातली वीस-बावीस माणसं खो खो हसली.

१९८७ चा मार्च होता. कॅल्युमेट गावातल्या, कमोडोर कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या क्लबपुढे त्या शनिवारी दुपारी एकच प्रश्न होता. घरचा कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलतो. ते बोलणं कुठल्या प्रोग्रामने सगळ्यात चांगलं होतं? जो जिंकेल तो सगळे सभासद वापरणार होते.

टेबलावर तीन फ्लॉपी होत्या. ‘प्रिझम’मध्ये सोळा रंग होते. ‘नॉर्थवायर’ स्वतः नंबर फिरवायचा आणि जोडणी झाली की शीळ घालायचा. तिसरा प्रोग्राम मार्क्वेटच्या एका शाळामास्तराने लिहिला होता. करड्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. हा गोंधळ सुरू व्हायच्या आधी क्लबचा अध्यक्ष गॉर्डनने वेग तपासला, रंग तपासले, फळ्यावर गुण मांडले. मास्तर सपशेल तळाला होता.

मग लेम्पी रौतिओ उठली. त्रेसष्ट वर्षांची ही बाई हॅनकॉकच्या वृद्धाश्रमात परिचारिका होती. क्लबात ती सहसा बोलायची नाही.

“माझी एक चाचणी घ्या,” ती म्हणाली. “मी सांगते तो नंबर लावायचा आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. कोणता प्रोग्राम किती थांबतो ते बघायचं.”

“थांबणं हा काय गुण झाला?” गॉर्डन म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तो खिळ्याचं माप सांगून मोकळा व्हायचा.

तरी चाचणी झाली. ‘प्रिझम’ने पाऊण मिनिट वाट पाहिली आणि फोन ठेवून दिला. ‘नॉर्थवायर’वर एक अक्षर आलं, इंग्रजी ‘जी’. पुढे मिनिटभर काहीच आलं नाही, तेव्हा त्यानेही तार तोडली. फोनचं बिल वाढू नये म्हणून तशी सोयच केलेली होती.

“आता तिसरी लाव,” लेम्पी म्हणाली.

“खिमा-बटाट्याच्या पेस्ट्या गार होतायत, बाई!” मागून कुणीतरी ओरडलं.

“होऊ देत.”

मास्तरचा प्रोग्राम लागला. पडदा कोरा. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तार तुटली नाही.

त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, वृद्धाश्रमात, एक म्हातारा बसला होता. अर्धांगवायूने त्याची वाचा नेली होती, उजवा हात नेला होता. डोकं मात्र लख्ख होतं. लेम्पीने आपला जुना कमोडोर त्याच्या खोलीत नेऊन फोनच्या तारेला जोडला होता. आठ महिने रोज ड्यूटी संपली की ती त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसायची. डावं बोट एकेका अक्षरावर पोचायला कधी मिनिट लागे, कधी दोन. कधी बोट घसरे, आणि म्हातारा चिडून कळफलकावर मूठ आपटे. तरी दुसऱ्या दिवशी तोच मानेने खुणावी, चल, बस. घरच्यांना सांगू का, असं तिने कितीदा विचारलं. दर वेळी तो मान हलवायचा. नाही. अजून नाही. परवा मात्र त्याने स्वतःच टाइप केलं होतं: शनिवारी.

पडद्यावर ‘जी’ उमटला. पुष्कळ वेळाने ‘ओ’. मग ‘आर’.

हसणं केव्हाच थांबलं होतं. माणसं खुर्च्या सोडून टेबलाभोवती आली. पुढच्या अक्षराला तीन मिनिटं लागली. ते आलं तेव्हा हॉकीत गोल झाल्यासारखी आरोळी उठली. पाचव्या अक्षरालाही तसंच. सहावं उमटलं, पहिला शब्द पुरा झाला, आणि आरोळी अर्ध्यातच विरली. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

शब्द होता ‘गॉर्डन’.

“कोण आहे तिकडे?” गॉर्डनने विचारलं.

“तुझे वडील,” लेम्पी म्हणाली.

“पण ते तर... त्यांना काही... मी दर रविवारी जातो, मी त्यांना सगळं सांगतो, दुकानाचं, पोरांचं, ते तर नुसते...”

“श्शू. ते बोलतायत.”

गॉर्डनने चाचपडत खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसला. स्टॉपवॉच त्याच्या मुठीत तसंच चालू होतं. अठ्ठेचाळीस मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. शेवटचं अक्षर आलं तेव्हा तळघर दणाणून गेलं. लेम्पीला कुणी मिठी मारली, कुणी तिचा हात धरून गदागदा हलवला. सगळ्यात मोठ्याने गॉर्डनच हसत होता, आणि त्याचे गाल ओले होते. करड्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

“गॉर्डन, तू फार बडबडतोस. आता माझी पाळी.”