दारापर्यंत

“उचला, बाबा. अजून एकदा.”

देवीदासनं पाय उचलला नाही. उचलता येत होता, तरी उचलला नाही.

आम्रपाली त्याच्या डाव्या पायापाशी जमिनीवर बसली होती. सकाळचे सहा वाजले होते. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या त्या क्वार्टरमध्ये कूलर घरघरत होता आणि आत तिची आई कमला चहा उकळत होती. “बरं, राहू द्या,” आम्रपाली म्हणाली. मग तिनं वडिलांचा पाय हातात घेतला आणि गुडघ्यातून हळूहळू वाकवायला सुरुवात केली.

आठ महिन्यांपूर्वी देवीदासला लकवा मारला होता. कारखान्याच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये एकतीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्रपालीला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं. फिजिओथेरपिस्टची जागा होती. तिच्यासाठी तिनं तीन वर्षं परीक्षा दिल्या होत्या, कागद जमवले होते, पहाटे उठून इंग्रजी बोलायचा सराव केला होता. पत्र वाचून तिनं ते कपाटात ठेवलं. “बाबा आपल्या पायानं दारापर्यंत चालले का मी निघते,” ती आईला म्हणाली. पलंगापासून दार बारा पावलांवर होतं.

ती बारा पावलं देवीदास एप्रिलमध्येच चालला होता.

त्या दुपारी कमला शेजारी गेली होती आणि दूध गॅसवरच विसरली होती. करपल्याचा वास आला तसा देवीदास उठला, भिंत धरून आत गेला आणि गॅस बंद केला. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण चाललो. तो तसाच दारापर्यंत गेला. दारात उभं राहून त्यानं रस्ता पाहिला, समोरचा गुलमोहर पाहिला, आणि एकटाच रडला. संध्याकाळी पोरीला सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

संध्याकाळी आम्रपाली क्लिनिकमधून आली. हात धुऊन त्याच्या पायापाशी बसली आणि दिवसभरातली गंमत सांगू लागली. एक म्हातारे मास्तर होते. व्यायाम करताना आकडे मोजायचे, पण सातवरून सरळ दहावर जायचे. देवीदास खूप हसला. सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशीही राहिलं. मग तो सांगेनासाच झाला.

पोरगी लहान होती तेव्हा त्याच्या पाळ्या असायच्या. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असायची, ती शाळेतून यायची तेव्हा तो झोपलेला असायचा. ती सायकल शिकली, वक्तृत्वात पहिली आली, कॉलेजात कोणाशी तरी भांडून दोन दिवस जेवली नाही, हे सगळं त्याला कमलाकडून कळलं. आता ती रोज सकाळ-संध्याकाळ तासभर त्याच्यासमोर बसत होती. बोलत होती. एवढी पोरगी त्याला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

कमला दुपारी झोपली की तो चालायचा. आम्रपाली आली की पाय ढिला सोडायचा.

मेच्या शेवटी एका रविवारी त्याला झोप लागली असं समजून आम्रपालीनं कपाटातून एक जाड कोट काढला. निळा, गुडघ्यापर्यंतचा. कधी रायपूरहून आणून ठेवला होता कोणास ठाऊक. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. तिनं कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि आरशासमोर उभी राहिली. कपाळावरून घाम निथळत होता. “गुड मॉर्निंग,” ती आरशाला हळूच म्हणाली. “माय नेम इज आम्रपाली.” थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग कोट काढला, घडी केली, आत ठेवून दिला.

देवीदास अर्धे डोळे उघडून पाहत होता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी ती म्हणाली, “उचला, बाबा.”

“सरक बाजूले,” देवीदास म्हणाला.

तो उठला. कुणाचा हात न धरता बारा पावलं चालला, चौकटीला हात लावला आणि वळला. कमला चहाचा कप घेऊन बाहेर आली, ती तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. आम्रपाली फक्त त्याच्या पायाकडे पाहत होती. “टाच आंधी टेकवा,” ती म्हणाली. संध्याकाळी तिनं तिकीट काढलं.

जूनमध्ये निघायच्या दिवशी तिनं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे हात जोडले. रायपूरच्या विमानतळापर्यंत कमला सोबत जाणार होती, ती आधीच गाडीत जाऊन बसली. देवीदास गेटपर्यंत आला. आता त्याला राहवेना.

“आमू, एक गोष्ट लपवली तुह्यापासून. मी एप्रिलपासून चालून राहिलो होतो. तुहे दोन महिने खाल्ले मी.”

“मालूम आहे मले.”

“कसं?”

“खरंच पाय उचलाले जाते ना माणूस, तं दुसऱ्या पायाची टाच आपोआप खाली दबते. तुमची दबतच नव्हती. पहिल्याच दिवशी समजलं.”

देवीदास गेट धरून उभा राहिला. “मंग बोलली कावून नाही?”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आम्रपालीनं गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं, आणि परत येऊन त्याचा हात धरला.

“त्याच दिवशी मी हॉस्पिटलले मेल टाकला, बाबा,” ती म्हणाली. “लिहिलं, माहे वडील अजून उठत नाहीत, मले दोन महिने अजून द्या.”