दोन बोटं लाकूड

"रायफलचा हा खांद्याला टेकायचा दस्ता तुला दोन बोटं लांब होतोय," बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा नेमबाज पोरीला म्हणाला. "बाप ताडमाड, तू वीतभर. कापावाच लागेल." तिनं रायफल छातीशी ओढली. "बाबांच्या खांद्याची जागा आहे ती. ते गेले म्हणून करवत लावायची?" "मग भिंतीवर टांग आणि धूळ पूस! मेलेल्याचं माप जित्याला बसत नसतं, पोरी." ती भडकली, पण उद्या स्पर्धा होती, लांब दस्त्यानं मान ताणावी लागत होती आणि गाल टेकला की रायफलवरची नवी दुर्बीण डोळ्याच्या वरच राहत होती. तोंड फिरवून तिनं रायफल दिली. करवत चालली. बाबांच्या घामानं काळवंडलेला तुकडा म्हाताऱ्यानं फेकला नाही. तासून दस्त्यावर, तिच्या गालाखाली बसवला. "डोळे मिट. खांद्याला लाव. आता उघड." दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला. ती मात्र गाल उचलेना. लहानपणी बाबांच्या खांद्यावर ती अशीच झोपायची.