एक्केचाळीस नंबरचं गाणं

दर रविवारी सकाळी अकराला घड्याळजी दुकानातली सगळी लंबकाची घड्याळं थांबवायचे. रेकॉर्ड वाजत असताना टकटक नको, हा मंडळाचा पहिला नियम. मग मागच्या खोलीत मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे माणसं चार: घड्याळजी, निवृत्त पोस्टमास्तर, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान, जे फक्त डुलकी काढायला यायचे. विषय एकच, साठच्या दशकात गाऊन गेलेले मुलींचे चमू. कोणत्या मुलीने कुठल्या ओळीला दम घेतला, यावरून या खोलीत महिना महिना अबोला चालला होता.

आज पाचवी खुर्ची मांडली होती. तिच्यावर बसलेल्या बाई म्हणे ग्रंथपाल होत्या. त्यांनी एक जाडजूड वही आणि दोन पेनं आणली होती. शिकायला येणारा माणूस एक पेन आणतो, दोन आणणारा उतरवून न्यायला आलेला असतो, असं घड्याळजींचं स्पष्ट मत होतं.

त्यांना कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी एक गोडबोले गृहस्थ सलग तीन रविवार आले, चहा प्यायले आणि सहा महिन्यांनी मंडळाची अख्खी यादी स्वतःच्या नावाने छापून मोकळे झाले. ती यादी आपलीच, हे घड्याळजींनी एका नजरेत ओळखलं. कसं ओळखलं, ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

एक्केचाळीस नंबरचं गाणं अस्तित्वातच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी, घड्याळाचे दाते पुसता पुसता त्यांनी ते रचून यादीत घुसवलं होतं. नाव ‘निळी छत्री’, गायिका मात्र खऱ्या: त्या काळी गाजलेल्या तिघी बहिणी. चोर पकडायचा सापळा. उद्या यादी पुस्तिका होऊन छापखान्यात जाणार होती आणि सापळाही तिच्यासोबत जाणार होता.

“बघा की,” घड्याळजींनी आवाजात साखर घोळत यादी बाईंपुढे सरकवली. “ओळखीची असतील बरीच.”

बाई बोट फिरवत फिरवत खाली आल्या आणि बरोबर तिथेच थांबल्या.

“हे नाही ऐकलं कधी.”

“असं कसं? तुमच्यासारख्या जाणकार बाईंनी?”

“नाही हो. मला तर वाटतं, हे गाणंच नाहीये. इथे लिहिलंय त्या वर्षी धाकट्या बहिणीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. तिघी वर्षभर गायल्याच नाहीत.”

घड्याळजी चपापले. ऑपरेशनचं त्यांनाही माहीत नव्हतं. बाई खऱ्या होत्या. उगाच संशय घेतला म्हणून त्यांना मनातून ओशाळल्यासारखं झालं आणि आनंदही झाला. आता चहा सांगावा, बिस्किटांसह, असं ते ठरवतच होते.

तेवढ्यात पोस्टमास्तर खाकरले. तिघी बहिणी हा त्यांचा प्रांत. तिथे आजच आलेल्या बाईंनी शिरावं, हे त्यांना मुळीच सोसलं नव्हतं.

“बाई, मी ऐकलंय ते गाणं. या कानांनी. मावशीकडे होती ती रेकॉर्ड. हिरवं लेबल. दुसऱ्या कडव्यानंतर धाकटी हसते बघा, अगदी हलकंसं.”

“अय्या!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत ते!”

“कोणी विचारलं होतं?” पोस्टमास्तर घड्याळजींकडे वळले. “लाव रे तिथे माझा तारा.”

यादीत ज्या नोंदीला तारा, तिचे एकमेव साक्षीदार पोस्टमास्तर. मंडळाची तशी पद्धतच होती. त्यांनी ऐकलं म्हटलं की ऐकलं, पाहिलं म्हटलं की पाहिलं. पुरावा मागायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

“माझंच चुकलं असेल,” म्हणत बाईंनी वही उघडली आणि हिरवं लेबल, धाकटीचं हसू, सगळं नीट लिहून घेतलं.

घड्याळजींनी पेन्सिल उचलली. पण तारा लावायच्या आधी त्यांनी पानं मागे उलटली. तारा. तारा. पुन्हा तारा. बासष्ट नोंदींपैकी अडतीस. शेवटी ते पहिल्या पानावर आले. तिथला तारा सगळ्यात जुना होता.

ती नोंद गाण्याची नव्हतीच. तिघी बहिणी एकदा या गावात येऊन गायल्या होत्या. गाता गाता धाकटीची चप्पल तुटली, तिने ती प्रेक्षकांत भिरकावली आणि उरलेलं गाणं अनवाणी गायलं. आठ वर्षांचे पोस्टमास्तर पहिल्या रांगेत होते. तीस वर्षांपूर्वी, घड्याळ दुरुस्तीला टाकायला आले असताना त्यांनी हे सांगितलं आणि घड्याळजी या नादाला लागले ते लागलेच. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही त्या चपलेचंच चित्र होतं.

“काय रे, लावतोयस ना?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“लावतो.” घड्याळजी म्हणाले. न विचारलेलंच बरं, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी विचारलं. “मास्तर, ती धाकटीची चप्पल... कोणत्या रंगाची होती रे?”

सगळी घड्याळं बंद होती. यजमानांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“लाल,” पोस्टमास्तर म्हणाले. “डाव्या पायातली.”

हिरवं लेबल सांगताना जेवढा वेळ लागला होता, तेवढाच लागला.

बाईंचं पहिलं पेन संपलं होतं. त्यांनी दुसरं काढलं आणि तेही लिहून घेतलं.