अण्णांनी विषय काढला

"अण्णा, गाडी चुकेल, निघा आता," शिवकन्या म्हणाली, पण वडील संस्थेच्या दारातून हलेनात. आज तिची फेलोशिप सुरू होत होती. मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या या संस्थेत ती वर्षभर बालविवाहाच्या कायद्यावर काम करणार होती.

तेवढ्यात संस्थेच्या प्रमुख देवस्थळी मॅडम आल्या. अण्णांना आग्रहानं आत नेऊन त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "लेकीनं हाच विषय का निवडला, सांगितलं का तुम्हाला?"

शिवकन्येनं मान खाली घातली. आठवीत असताना तिनं हेल्पलाइनला फोन करून स्वतःचंच लग्न थांबवलं होतं. भर मांडवात पोलीस आले, आणि अण्णांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढं अबोला सुटला, पण त्या दिवसाचा विषय घरात कधीच निघाला नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. "मॅडम, तेरा वर्षांची होती ही. लग्न मी लावत होतो, हिनं एकटीनं थांबवलं. असं काळीज आमच्या अख्ख्या गावात नाही."

शिवकन्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

"याच कायद्यासाठी पुढच्या महिन्यात आम्ही मंत्र्यांना भेटणार आहोत. हे त्यांच्यासमोर सांगाल?" मॅडमनी विचारलं.

"सांगेन की. माझ्या लेकीच्या शेजारी उभा राहून सांगेन."