सातवी पेटी

टेबलावर काचेच्या सात पेट्या होत्या आणि प्रत्येकीत चाळीस रातकिडे. सहा पेट्या नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. सातवी मात्र एकटी, आवाजसुद्धा आत जाणार नाही अशी बंद.

पहिल्या पेटीत एक नवी लय उपजली होती. तीनदा किरकिर, मग शांतता, मग एकदा. नळ्यांमधून ती पुढच्या पेट्यांत कशी पसरते, ते संशोधिका मोजत होती. तिला सातवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, म्हणून ती बसूनच काम करायची, टेबलाला पोट टेकवून.

आज तिने काचेची थरथर टिपणारा, संगणकाला जोडलेला माइक सातव्या पेटीला चिकटवला. तीन, शांतता, एक.

"अगं, हिला तर नळीच नाही! मग लय आत शिरली कुठून?"

शेजारी बसलेली मैत्रीण हसली. "तुझ्या बाळाने चुगली केली असेल. तेही नळीलाच जोडलंय की!"

संशोधिकाही हसली. तेवढ्यात सातही पेट्या एकदम गप्प झाल्या.

तिने माइक उचलून पोटावर दाबला. सकाळीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ठोके अगदी घड्याळासारखे आहेत हं."

पडद्यावर रेषा उमटू लागली. तीन ठोके, शांतता, मग एक.