मागच्या सीटवरचा हात

दोन्ही पाय अधू झाल्यापासून फणसवाडीतल्या मनमोहनरावांना एकच सल होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा परळला गाजत होत्या आणि त्यांची मॉरिस गाडी मात्र बायकोच्या बहिणीकडे, शिवडीला हळदीकुंकवाला जात होती. सभेत लाठ्या चालतात म्हणून बायकोचा, वासंतीबाईंचा सक्त विरोध, आणि ड्रायव्हर त्यांच्याच शब्दातला.

शेवटी लालबागच्या शामराव फिटरनं क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरला हातानं ओढायचे लांब दांडे जोडून दिले. ड्रायव्हरला निरोपाचा नारळ मिळाला.

"आता मी म्हणेन तिकडेच गाडी जाणार," मनमोहनराव बायकोला म्हणाले.

परवान्याच्या परीक्षेत गाडी झोकात चालली. परीक्षा घेणारे साहेब खूश झाले, पण त्यांना एक शंका आली. "तुमचे दोन्ही हात गुंतलेले. वळताना खिडकीतून हात कोण दाखवणार?"

तेवढ्यात मागच्या सीटवरून वासंतीबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात खिडकीबाहेर आला, अगदी ताठ.

"वा, बाई," साहेब हसले. "यांना कायम मागे बसवायचं, या अटीवर परवाना देतो."

त्याच संध्याकाळी मनमोहनराव ऐटीत सभेला निघाले. लालबागचा नाका आला. परळ सरळ पुढे होतं.

मागे बांगड्या किणकिणल्या. नाक्यावरच्या पोलिसानं समोरून येणारी ट्राम थांबवली, आणि मनमोहनरावांना मोठ्या अदबीनं उजवीकडे, शिवडीच्या रस्त्याला लावून दिलं.