आभाराची प्रार्थना

सरकारने एका कंपनीशी हातमिळवणी करून बनवलेली, मंद वाऱ्यावर चालणारी पवनचक्की किटुई शहराजवळच्या आमच्या गावात उभी राहिली. उद्घाटनाला मंत्री आले, तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं, पाती मात्र गरगरत होती.

दवाखान्याची नर्स कानिनी पास्टर मुन्याओंकडे धावत आली. “आमचा जनरेटर उचलून आणलाय हो मेल्यांनी! त्याच्यावर फिरवतायत. तिकडे फ्रिजात पोरांच्या लशी तापायला लागल्यात.”

तेवढ्यात कंपनीच्या साहेबांनी माइक पुढे केला. “पास्टर, वाऱ्याबद्दल देवाचे आभार माना.”

पास्टरांनी डोळे मिटून सूर लावला, “प्रभो, यांना आमचा जनरेटर दवाखान्यात परत न्यायला लाव!”

चर्चमधल्या रिवाजाप्रमाणे सगळ्या गावाने ओळ उचलली. पुन्हा, पुन्हा.

मंत्री करवादले, “किती वेळ चालणार ही प्रार्थना?”

“फ्रिज गार होईपर्यंत,” कानिनी म्हणाली.